गाडी गळत होती तोवर

अण्णांची जीप माझ्या दारात येऊन थांबली तेव्हा आत मायचं मनगट मोडलेलं होतं आणि इंजिनाखालून ऑइल गळत होतं. अण्णा उतरले आणि आधी बॉनेट उघडायला गेले. माय पुढच्या सीटवर तशीच बसून होती, डावा हात पदरात गुंडाळून मांडीवर ठेवलेला.

"इंजन पार कोरडं पडलं बघ," अण्णा मला म्हणाले. "घाट चढला तवापासून गळायलंय."

"मायला काय झालं?"

"पडली."

माय पडते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. चुलीपाशी पडते, गोठ्यात पडते, सपाट अंगणात पडते. एवढी पडणारी बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नसेल. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय सटकला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णा हाताला लागलेलं ऑइल रुमालानं पुसत होते. सहा आठवड्यांचं प्लास्टर घालून आम्ही घरी आलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं सोयगावकडे काळीपिवळी चालवायचे. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा कोंबायची, दोन मागं लटकवायची, आणि एसटीच्या आधी दोन मिनिटं थांब्यावर पोचून तिची माणसं उचलायची, हा धंदा. धंदा बंद पडला, गाडी राहिली. नातेवाइकांची वऱ्हाडं ने, कुणाला दवाखान्यात आण, एवढ्यावर ती चालू होती. मी त्यांना म्हणाले, गाडी इथं राहू द्या, तुम्ही एसटीनं जा, मायला मी बघते. त्यांना ते एवढं लागलं की मी आईवरून शिवी दिली असती तरी तेवढं लागलं नसतं.

"एसटीत बसायला मी काय सवारी हाय व्हय?" ते म्हणाले. जन्मभर ज्या एसटीची माणसं पळवली तिच्यात तिकीट काढून बसायचं म्हणजे मिशी उतरवण्यासारखंच. बाहेरच्या मेस्त्रीचाही हात त्यांनी कधी गाडीला लागू दिला नव्हता. "गाडी नीट झाली की जातो," एवढं बोलून त्यांनी माझ्या बैठकीत गादी टाकली.

मी बजाजनगरात राहते. वाळूजला एका कारखान्यात ऑइल सील, म्हणजे इंजिनातलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, तपासायचं काम करते. रबराच्या ओठाला केसाएवढी चीर असली तरी माझ्या बोटाला कळते. नवरा होता. लग्नाच्या पाचव्या महिन्यात त्यानं मला एक मुस्काटात दिली, मी पायातली काढून दोन दिल्या आणि बॅग उचलून निघाले. लोक म्हणाले, बापावर गेली. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. घर माझ्या नावावर आहे, त्यामुळं पहिल्याच संध्याकाळी मी अण्णांना जेवणावर सांगून टाकलं, "या घरात मायवर हात उचलला तर तो हात मी मोडीन." अण्णा हसले. "लई शिकली," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पहिल्या रविवारी आम्ही कामाला लागलो. मी मनापासून लागले, कारण गाडी नीट झाली की हा माणूस जाणार आणि माय राहणार, असं मी धरून चालले होते. उन्हाळा नुकता तापायला लागला होता. अण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. त्यांना जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावायला ते काही मास्तर नव्हते, म्हणून हात माझे आणि तोंड त्यांचं. हे आम्हा दोघांनाही जुनंच होतं. मला भाऊ नाही, तेव्हा लहानपणी त्यांच्या हाताखाली मीच असायचे. चौदाचा पाना मागितला आणि घाईत बाराचा दिला, की तोच पाना पाठीत बसायचा. सहावीत असताना माझ्या पाठीवरचा वळ बघून माझी मैत्रीण म्हणाली होती, यावरचा नंबर वाचता येतोय. पण शिकले मात्र. आजही डोळे मिटून पाना उचलला तर नंबर सांगते.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. ते काढलं, जुनं पॅकिंग पत्र्याला चिकटून दगड झालं होतं ते पातीनं खरवडलं, रॉकेलनं सगळं धुतलं, नवं पॅकिंग शेलॅक लावून बसवलं. शेलॅक बोटांना चिकटतं आणि दोन दिवस निघत नाही. अण्णा वरून शिव्या घालत होते, गाडीला, मला, पॅकिंग विकणाऱ्याला. मी ऐकत होते आणि काम करत होते. बारा वाजेपर्यंत इंजिन वरून एवढं स्वच्छ झालं की त्यावर भाकरी ठेवून खावी.

मंगळवारी पहिली पाळी करून घरी आले तर गाडीखाली ताटाएवढा काळा डाग. आता खालून गळत होतं, चेंबरमधून. इंजिनाच्या तळाला ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं ते चेंबर. अण्णांनी बॉनेटवर मूठ हाणली. पुन्हा हाणली. मग टायरला लाथ, मग दाराला. शेवटी लाथ माझ्या कुंडीला बसली आणि तुळस फरशीवर आडवी झाली. माय एका हातानं माती गोळा करायला लागली. "तुला कुणी सांगितलं मधी यायला," अण्णा ओरडले, आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत वर गेला. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या हातानं डोकं खाजवलं.

दुसऱ्या रविवारी चेंबर उतरवलं. चेंबरचे वीस-बावीस बोल्ट असतात. ते आधी हातानं जुळवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. जास्त आवळलं की पत्रा वाकतो, पॅकिंग चिरडतं आणि गळती दुप्पट होते. हे मी अण्णांना सांगितलं, म्हणजे मीच चूक केली. त्यांनी मला गाडीखालून पाय धरून ओढलं, स्वतः आडवे झाले आणि पान्याच्या दांड्याला पाइप लावून आवळायला लागले. "जीव नाय का हातात? असं आवळायचं. असं!" तिसऱ्या बोल्टला कट् आवाज आला. बोल्टचं डोकं तुटून फरशीवर घरंगळत गेलं.

नेमकी त्याच वेळी माय चहा घेऊन बाहेर आली. एका हातात ताटली, तिच्यात दोन कप.

अण्णा गाडीखालून निघाले आणि हातातला पाना पाइपासकट तिच्यावर फेकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीला लागला. गिलाव्याचा टवका उडाला. कप फुटले. "तुझं थोबाड बघितलं की कामाची माती व्हती," ते म्हणाले आणि तिच्याकडे निघाले.

जॅकचा रॉड माझ्या पायाशी होता. मी तो कधी उचलला ते मला आठवत नाही, पहिला घाव मात्र आठवतो. तो मडगार्डवर बसला, अण्णांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. दुसरा त्याच्याही जवळ. तिसऱ्याला पत्रा आत गेला आणि रॉडचा झटका माझ्या खांद्यापर्यंत आला. "चौथा गुडघ्यावर," मी म्हणाले. अण्णा मागं सरकताना स्टुलाला अडखळले आणि पाठीवर पडले. ज्या माणसाच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं मी पांघरुणात मुतले आहे, तो माणूस माझ्याकडे खालून बघत होता आणि दोन्ही हातांनी गुडघे झाकत होता. मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटायला हवी. वाटली नाही. मला चौथा मारायचाच होता.

माय मध्ये आली. तिनं प्लास्टरचा हात वर केला. तोंड माझ्याकडे, पाठ त्यांच्याकडे.

"खाली ठेव," ती म्हणाली.

पाना त्यांनी फेकला होता आणि ती मला सांगत होती. माझ्या पुढं येऊन नाही, त्यांच्या पुढं जाऊन ती उभी राहिली होती. मी रॉड खाली ठेवला नाही. घरात नेऊन माझ्या कॉटखाली ठेवला आणि त्या दिवसापासून कामापुरता बाहेर काढला तरी तो परत तिथंच जायचा.

संध्याकाळी अण्णा काही झालंच नाही असे जेवायला बसले. खेडवळ पुरुषांची ही विद्या मला अजून साधलेली नाही. जेवता जेवता म्हणाले, "तुटका बोल्ट काढून नवा घाल. पिलास्टर निघो का ऱ्हावो, गाडी गळायची थांबली की आम्ही चाललो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आन् ही. मग? तिकडं भाकरी कोण थापंल?"

"एका हातानं?"

"दुसरा हाय की."

माय खाली मान घालून कालवण वाढत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी गळत होती तोवर माय माझ्या छताखाली होती. गळती थांबली की ती परत त्या घरात, जिथं मध्ये रॉड घेऊन येणारं कुणी नव्हतं. आणि ती गळती थांबवायला मीच रबर-पॅकिंग घेऊन गाडीखाली आडवी होत होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तरी पुढच्या आठवड्यात पडेगावकडे गेले, कारण अण्णा रोज पॅकिंगचं विचारत होते. दौलताबादच्या रस्त्याला जुन्या गाड्या फोडून सामान विकणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका म्हाताऱ्या मियाँभाईंकडे मी चेंबरचं दुसरं पॅकिंग आणि मागचं ऑइल सील मागितलं. त्यांनी लगेच दिलं नाही.

"बाजी, कहाँ कहाँ से गळता?"

मी म्हणाले, आधी वरून, आता खालून, आणि मागूनही सुरू झालंय.

"पट्टी ऊपर को आती क्या? तेल नापने की?"

मला आठवलं. ऑइल मोजायची पट्टी दर वेळी दोन बोटं वर सरकलेली असायची. मी ती दाबून बसवत होते. तसं त्यांना सांगितलं.

"तो फिर सीलां बदलके क्या फायदा? इंजन की साँस बंद है. अंदर हवा कोंडी तो तेल कहीं से बी निकलताच. पैले उसका नळा देखो." सामान मात्र त्यांनी दिलं. दुकानदार शेवटी दुकानदार.

घरी आले. अण्णा दुपारचे आडवे झाले होते. बॉनेट उघडून मी ब्रीदरची नळी शोधली. इंजिनाच्या पोटात कोंडणारा वाफारा बाहेर पडायची ती वाट. तिच्या तोंडात बोट घातलं तर बोट अडलं. आत कापड होतं, साबणात मळून लाकडी खुंटीसारखं ठोकून बसवलेलं. वरचा भाग पक्कडीनं जरा ओढला तर हिरवा काठ दिसला. मायच्या जुन्या लुगड्याचा तो काठ मी ओळखला.

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पक्कड माझ्या हातात होती. ओढलं असतं की सुटलं असतं.

"काय बघती गं?" अण्णांचा आवाज आतून आला.

"काय नाय. पट्टी बघते."

मी पक्कड खिशात घातली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ते फडकं होतं त्याहून आत ठोकून बसवलं.

त्यानंतरचे तीन रविवार मी जितक्या आनंदानं राबले तितकं आयुष्यात कधी राबले नसेन. चेंबरचा तुटका बोल्ट खोदून काढला. चेंबरची वाकलेली कड हातोडीनं ठोकून सरळ केली, दुसरं पॅकिंग घातलं. एकही काम खोटं केलं नाही. सील लावताना हात चुकवणं मला जमतच नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. आणि दर वेळी दोन-तीन दिवसांत गाडी पुन्हा गळायची, कारण आत कोंडलेलं कुठून तरी फुटणारच होतं. अण्णा डागाभोवती फिरायचे. पहिल्या दिवशी शिव्या, दुसऱ्या दिवशी लाथा, तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसणं. एकदा त्यांनी स्टूल उचलून बॉनेटवर आपटलं, त्याचे चारी पाय चार दिशांना गेले, आणि मग बसायला काही उरलं नाही म्हणून ते उभेच राहिले. मी खिडकीतून बघत होते आणि हसत होते. मायकडे माझं लक्ष नव्हतं.

सगळ्यात मोठं काम मागच्या सीलचं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो घरी उतरवणं म्हणजे बैलाला मांडीवर घेणं. विटा रचल्या, जॅक लावला, दोर बांधला. मी खाली, अण्णा बाजूला दोर धरून. गिअरबॉक्स सुटला आणि विटेवरून कलला. अण्णांचा हात खाली अडकला. नखाखालचं मांस फाटलं, रक्त माझ्या तोंडावर ठिबकलं. ते ओरडत होते, "जॅक वर घे! घे ना, हैवान!" जॅकचा दांडा माझ्या हातात होता. मी तो लगेच हलवला नाही. मनात आकडे म्हटले. पाचपर्यंत म्हटले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं ओरडणं थांबलं. मग मी जॅक वर घेतला.

वर मान केली तर दारात माय उभी होती. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही.

त्या रविवारनंतर ती जेवेनाशी झाली. प्लास्टर निघालं, हात बारीक आणि पांढरा पडला होता, तरी ती गप्पच. मला वाटलं, जायची भीती. गाडी आता कधीही नीट होईल आणि आपल्याला जावं लागेल, या धास्तीनं तिची अन्नावरची वासना उडाली असणार. मला तिची दया आली. एका सकाळी अण्णा अंघोळीला गेले तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात धरलं आणि कानात सांगितलं, "माय, घाबरू नको. ही गाडी थांबायची नाय. तिच्या नळीत तुझ्या लुगड्याचं फडकं हाय. ते हाय तवर गाडी गळणार, आन् ते मी काढणार नाय. तू इथंच ऱ्हाणार."

मायनं परातीतला हात थांबवला. "ते मीच दिलतं," ती म्हणाली. "मागं लग्नाला वऱ्हाड नेताना पुढं बसलेल्या बायांना धुरानं मळमळाया लागलं. ह्यांनी नळीत कोंबाया फडकं मागितलं, मी दिलं."

"मग आता तेच तुझ्या उपयोगी पडलं बघ," मी म्हणाले आणि हसले. ती हसली नाही. पीठ मळत राहिली. मी डबा घेतला आणि कामावर गेले. त्या दिवशी मी लाइनीवर गाणं गुणगुणत होते, शेजारची म्हणाली सुद्धा, आज काय लॉटरी लागली काय.

दोन दिवसांनी पहिली पाळी सुटून घरी आले तर जीप फाटकाबाहेर उभी होती, तोंड रस्त्याकडे. इंजिन चालू होतं. एवढं शांत चालताना मी ते लहानपणी ऐकलं असेल. वाकून खाली पाहिलं. जमीन कोरडी होती.

अण्णा बॉनेट पुसत होते. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. हातात ते फडकं होतं, काळं, तेलानं निथळणारं. "बघ, एवढंसं! सकाळी काढलं, चार तास झाले, थेंब नाय. नवी पॅकिंगं, नवी सीलं, तू तर इंजन नवंच करून दिलं पोरी. पण कारण कुणी सांगितलं ठाव हाय का? तुझ्या मायनं! म्हणली, त्या नळीत तुम्हीच कोंबलेलं फडकं हाय ते काढून बघा. मी तर पार इसरलो व्हतो. अडाणी बाई, पण डोकं बघ!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तिचं कौतुक करत होते.

म्हणजे तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की ती सांगून मोकळी झाली. मी आत गेले.

माय माझ्या खोलीत पिशवी भरत होती. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, माझा एक जुना स्वेटर.

"तू सांगितलं?"

"व्हय."

"का?"

ती स्वेटरची घडी घालत होती, बऱ्या झालेल्या हातात अजून जोर नव्हता म्हणून घडी नीट पडत नव्हती. "तू कॉटखाली रॉड ठेवतीस. मी झाडताना रोज बघते, हाय का नाय. दिसला नाय की झाडणं तिथंच टाकते. तवा मी हे घरात हायेत का बघते, मग तुला बघते."

"तो तुझ्यासाठी ठेवलाय."

"ह्यांचा मार मला ठाव हाय. कुठं लागतो, किती लागतो, कवा थांबतो, समदं ठाव हाय. तुझा ठाव नाय. त्या दिशी ह्यांचा हात अडकला, तू जॅक हातात धरून बसलीस. मी बघितलं. एक दिवस तू ह्यांना मारून टाकशील. ते मातीत आन् तू जेलात, मग मी कुणाचं तोंड बघू?"

"तिकडं जाऊन तू मरशील."

"मरीन तवा मरीन. तुझ्या हातून नको व्हाया."

"मी एवढं सगळं तुझ्यासाठी केलं, माय. एवढे रविवार..."

"माझ्यासाठी नाय," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. "तुला मजा यायली व्हती. मी रविवारी तुझं तोंड बघत व्हते ना. तसंच तोंड मी चाळीस वर्सं बघितलंय."

ते खरं होतं. म्हणूनच माझा हात उठला.

चापट नव्हती ती. पूर्ण हात, खांद्यातून आलेला. तिच्या कानातली कुडी उडून कॉटखाली गेली. माझा तळवा जळत होता, आणि मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. तिनं ओरडावं, मला शिव्या द्याव्यात, अण्णांना हाक मारावी, काहीही करावं.

तिनं काही केलं नाही. तिला नवलसुद्धा वाटलं नाही. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, नुकतं प्लास्टर निघालेला हात पोटाशी घेतला, मान खाली घातली, आणि दुसरी बसायची वाट बघत उभी राहिली. अण्णा एकावर कधीच थांबत नाहीत.

मी भिंतीला टेकले. किती वेळ गेला कोण जाणे, बाहेरून हॉर्न वाजला. दुसरी येत नाही हे कळल्यावर माय खाली बसली, वाकून कुडी शोधली, रॉडच्या मागं सापडली ती कानात घातली आणि पिशवी उचलली. दारातून जाताना माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून ती जरा तिरकी झाली. बाहेर अण्णांनी तिच्या गालाकडे पाहिलं. चार बोटं उठली होती, त्यांना ती लांबूनही दिसली असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते बोलतील. त्यांनी नुसती मान हलवली, जसा एक डायव्हर समोरून येणाऱ्या दुसऱ्या डायव्हरला हलवतो. गाडी निघून गेली.

आता मी दर रविवारी फोन करते. माय शेळीचं सांगते, शेजारणीच्या नातवाचं सांगते. अण्णा अजून हात उचलतात का, हे मी विचारत नाही, तो प्रश्न विचारायचं तोंड मी स्वतःच्या हातानं बंद करून घेतलं आहे. पहिल्या फोनला मी माफी मागितली तर ती घाईघाईनं म्हणाली, "काय झालंच नाय, तू जेवलीस का?" पूर्वी ती माझ्याशी भांडायची. दिवाळीला ये म्हटलं की दहा कारणं काढायची, नवऱ्याचा विषय काढून मला चिडवायची, मी ओरडले की माझ्यावर ओरडायची. आता ती आवाज मऊ ठेवते. बोलण्याआधी जरा थांबते, माझा सूर कसा आहे ते ऐकते. परवा मी म्हणाले, माय, काही दिवस इकडं येऊन राहा. ती लगेच "व्हय" म्हणाली. मी म्हणाले, का उन्हाळा उतरल्यावर येतेस? त्यालाही ती लगेच "व्हय" म्हणाली. मी काहीही म्हटलं की ती आता व्हयच म्हणते.